थरारपटाचं कथनशास्त्र आणि पिराजी मगदूम

थरारपटात सगळ्यांत आधी प्रेत दिसतं. माझ्या बाबतीत सगळ्यांत आधी प्राचार्य दिसले. स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "चर्चासत्र महिन्यावर आलंय. मराठी विभागाचं काय?"

मराठी विभाग म्हणजे मी. पूर्वी आम्ही चौघे होतो. तिघे निवृत्त झाले, जागा भरायच्या राहिल्या, आणि आता विभागाची बैठक मला चहा पितापिता एकट्याला उरकता येते. समोर पेपर पडला होता, त्यात कुठल्याशा थरारपटाची अर्धं पान जाहिरात होती. मी बोलून गेलो, "थरारपटाचं कथनशास्त्र."

"वा! पण वाचून दाखवू नका. मागच्या वर्षी तुम्ही वाचत होता तेव्हा प्रमुख पाहुणे झोपले होते. काहीतरी करून दाखवा."

प्रमुख पाहुणे डोळे मिटून चिंतन करत होते असं माझं आजही मत आहे. पण हा अपमान गिळून मी घरी आलो आणि अनुजाला, म्हणजे माझ्या बायकोला, जाहीर केलं की मी पाच मिनिटांचा एक थरारपट काढणार आहे. ती हायस्कुलात गणित शिकवते, त्यामुळे तिला कशाचंही पटकन कौतुक वाटत नाही. म्हणाली, "तुम्ही? मध्यंतरानंतर तुम्ही पॉपकॉर्न आणायला जाता ते नावं वर सरकायला लागली की आत येता."

मी म्हणालो, "अभ्यासकाला अंतर राखावं लागतं."

कथनशास्त्र तसं सोपं असतं. एक विद्वान सांगतात, प्रत्येक गोष्टीत आधी सगळं सुरळीत असतं, मग बिघडतं, मग पुन्हा सुरळीत होतं, पण पहिल्यासारखं नाही. (आमच्या सोसायटीच्या लिफ्टला हे तंतोतंत लागू पडतं. फक्त तिसरा टप्पा यायचाय.) दुसरे सांगतात, गोष्टीत माणूस कोण आहे ते बघू नका, तो काय काम करतो ते बघा. एक नायक, एक खलनायक, एक मदत करणारा, आणि एक तोतया नायक. हा तोतया सगळ्यांना नायक वाटतो, स्वतःलाही वाटतो, आणि ऐन वेळी उघडा पडतो. राहिला थरार. तो कुणाला किती ठाऊक आहे यातून निघतो. रश्श्यात आज दुप्पट तिखट पडलंय हे आपल्याला ठाऊक आहे, ताटावर बसलेल्या पाहुण्याला नाही. पाहुणा वाटी उचलतो. हा थरार. पाहुण्यासारखंच आपल्यालाही ठाऊक नसेल, तर तो नुसता ठसका.

या पायावर मी संहिता लिहिली. खोट्या आरोपात अडकलेला कैदी तुरुंगातून पळतो. लोक त्याला धरतात. तेवढ्यात एक सामान्य नागरिक पुढे येतो आणि म्हणतो, "थांबा! मी या माणसाला ओळखतो. हा निर्दोष आहे!" सामान्य नागरिकाची भूमिका कुणी करायची यावर मी फार वेळ घालवला नाही. आरशासमोर ते वाक्य म्हणून बघितलं. आवाज चांगला लागत होता.

सोसायटीत बातमी पसरायला संहिता लिहायला लागला त्याच्या निम्मा वेळ लागला. तळमजल्यावरच्या आक्का म्हणाल्या, "कैद्याला बायकू-लेकरं दावा. त्याबिगर रडू येत न्हाय." थरारपटात रडायचं नसतं, असं मी समजावलं. "मंग बघायचं कशाला?" असं त्यांनी मला समजावलं. चेअरमन बाळासो यांची अट एकच: सोसायटीच्या नावाची पाटी एकदा तरी दिसली पाहिजे. कैदी पळता पळता पाटीखाली दम खायला थांबला तर काय बिघडलं?

कैद्याचं काम पिराजी मगदूम यांना दिलं. आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर राहतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. गावच्या जत्रेतल्या नाटकात त्यांनी सात वर्षं राजाचं काम केलं होतं. मी विचारल्यावर ते उठून उभेच राहिले. "सर, माझ्यावर सोडा. फकस्त मिशा काढाय सांगू नका." त्यांच्या बायकोने, अंबूबाईंनी, आतून विचारलं, "सर हाईत न्हवं संगं? मंग जावा." हे वाक्य मी तेव्हा मोठ्या समाधानाने ऐकलं होतं.

खरे कैदी पांढरे कपडे घालतात, पण पट्ट्यांशिवाय कैदी लोकांना पटत नाही. बाळासोंच्या मेहुण्याचे कबनूरला माग आहेत, तिथून गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड आलं. आक्कांनी मशीनवर शिवलं. छातीवर नंबर हवा, कुठला ते मी सांगायला विसरलो. आक्कांनी स्वतःच्या डोक्याने पिराजींच्या फ्लॅटचा नंबर भरतकामात काढला, म्हणजे कपडे धुऊन वाळत घातल्यावर कुणाचे ते कळतं. पिराजींचा फ्लॅट नंबर ३०२. आता खुनाचं कलम बदलून १०३ झालंय हे मला ठाऊक आहे. पण लोकांच्या डोक्यातलं कलम सरकारला इतक्या लवकर बदलता येत नाही. नंबरच्या शेजारी आक्कांनी एक छोटंसं फूलही काढलं होतं.

चित्रीकरणाला हुसेनभाई. यांचा फोटो स्टुडिओ आहे आणि आमच्या लग्नापासून कुटुंबातले सगळे प्रसंग त्यांनीच टिपलेत. लग्नाखेरीज दुसरं काही त्यांनी तीस वर्षांत काढलेलं नाही. जागा बघायला आम्ही तुरुंगाशेजारच्या कळंब्याच्या तलावावर गेलो तेव्हा त्यांनी बोटांची चौकट करून बघितलं आणि म्हणाले, "उजेड झकास हाय सर. फकस्त नवरी न्हाय."

आता परवानगी. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही, कारण दोष माझाच आहे. अर्जात एक रकाना होता, 'चित्रीकरणाचे स्वरूप'. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'कथनशास्त्रीय प्रात्यक्षिक'. खिडकीतल्या माणसाने वाचलं. "शास्त्रीय व्हय? मंग ह्यो फॉर्म न्हवं. त्यो पिवळा घ्या." पिवळ्या फॉर्मवर विचारलं होतं, गायन की वादन. मी म्हणालो, तसं नाही हो. ते म्हणाले, उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब बैठकीला गेले होते. तिसऱ्या दिवशी त्या माणसाने खरोखरच्या काळजीने विचारलं, "तबला हाय का नुसता तंबोरा?" माझ्या मागे अकरा माणसं उभी होती. मी म्हणालो, "नुसता तंबोरा." शिक्का बसला. हे माझं पहिलं खोटं. छोटं होतं, म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही तलावावर पोचलो. लोक कॅमेऱ्यात बघतात म्हणून हुसेनभाई लांब उंचावर मोठं भिंग लावून बसले. माझ्या खिशात त्यांनी बिनतारी माईक अडकवला. पिराजींना मी तुरुंगाच्या बाजूच्या झुडपांत नेऊन बसवलं. हुसेनभाई म्हणाले होते, "हिकडंच कुठंतरी पळवा की त्येनला." मी म्हणालो, पार्श्वभूमीतून अर्थ निर्माण होतो. झाला.

मी वाटेवर सामान्य नागरिकासारखा उभा राहिलो आणि रुमाल हलवला. नेमके त्याच क्षणी वळणावरून विजयसिंह दादा आले. दादा आमच्या संस्थेचे सचिव. माझ्या बढतीची फाईल त्यांच्या टेबलावर आहे. बरोबर चार-पाच फिरणारी मंडळी. "काय सर, तुम्हीपण फिरायला लागला?" दादा म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत झुडपातून पिराजी निघाले.

काय पळाले! बासष्टाव्या वर्षी माणसाने इतकं मन लावून पळू नये. एका हाताने विजार धरली होती, मिशा वाऱ्यावर, छातीवर ३०२ आणि फूल. पहिल्यांदा एक बाई ओरडल्या, "अगं बया, जेलातनं सुटलाय!" मग कुणीतरी छाती वाचली. "तीनशे दोन! खुनाचा हाय ह्यो! धरा!" तालमीतून आलेले दोघे पळत होते, त्यांनी चार ढांगांत पिराजींना गाठलं. कुणी टॉवेल दिला, कुणी हात बांधले. त्यांना ओढत आणलं ते थेट आमच्यासमोर.

पिराजी गुडघ्यावर बसले. धाप लागली होती तरी वाक्य विसरले नव्हते. "सर! मी निर्दोष हाय! तुमीच सांगा ह्यास्नी!"

सगळे माझ्याकडे वळले. दादा वळले. "सर, तुम्ही ओळखता याला?"

इथे माझं वाक्य होतं. आरशासमोर मी ते निदान चाळीस वेळा म्हटलं होतं.

'तोंडातून निघून गेलं' असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. मला विचार करायला पुरेसा वेळ मिळाला. फाईल आठवली. तंबोरा आठवला. तुरुंगाजवळ कैद्याचं सोंग नाचवणारा प्राध्यापक, अशी बातमीही छापून झाली. आणि मग मी शांतपणे, शुद्ध मराठीत म्हणालो, "नाही हो दादा. मी कसा ओळखणार?"

नुसतं 'नाही' म्हणून भागलं असतं. पुढचं वाक्य मी माझ्या पदरचं घातलं.

पिराजींच्या डोळ्यांत क्षणभर कौतुक चमकलं. त्यांना वाटलं, सरांनी ऐन वेळी संहिता बदलली. त्यांनी आवाज आणखी चढवला. "सर! असं करू नगासा! माझी बायकू वाट बघतीया!" हे वाक्य संहितेत नव्हतं. आक्कांनी ऐकलं असतं तर रडल्या असत्या. "गप बस रं!" म्हणून ट्रॅकसूटमधल्या एका गृहस्थाने त्यांच्या कानाखाली मारली.

पिराजी गप्प झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तलावाकडे बघितलं. पाणी चांगलं होतं.

वरून हुसेनभाई पळत आले. "अवं सोडा! पिराजीराव हाईत आमचं! पिच्चर काढालोय!" कुणी ऐकेना. "मंग तुमीबी चला," असं लोक म्हणाले. पोलिसांची गाडी आली तेव्हा हुसेनभाई कॅमेरा छातीशी धरून आपण होऊन पिराजींच्या शेजारी चढून बसले. जाताना त्यांची नजर माझ्यावरून गेली. त्यांनी मला ओळख दाखवली नाही. मला वाचवायला की माझी लाज वाटून, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

आणि मी काय केलं? दादा म्हणाले, "चला सर, एक फेरी मारू." मी मारली. त्या फेरीत दादा कायदा आणि सुव्यवस्थेवर बोलले. मी दोनदा "अगदी बरोबर" म्हणालो.

घरी अनुजाने दार उघडलं. "पिराजीभाऊ कुठायत?" मी सगळं सांगितलं. ती ओरडेल अशी माझी तयारी होती. तिने फक्त गाडीची किल्ली घेतली. "चला."

चौकीत पिराजी बाकावर बसले होते. कुणीतरी चहा दिला होता, पण तो तसाच निवला होता. तुरुंगातून फोन आला होता की मोजणी झाली, सगळे जागच्या जागी आहेत, एकही कमी नाही. साहेबांपुढे प्रश्न असा होता की कैदी कमी नाही, तर मग हा जास्तीचा कुठून आला. मी परवानगीचं पत्र पुढे केलं. साहेबांनी वाचलं. मग पिराजींच्या पट्ट्यांकडे बघितलं. "तंबोरा कुठाय?"

पाऊण तास गेला. शेवटी साहेब हसायला लागले, हुसेनभाईंनी कॅमेऱ्यात थोडं दाखवलं, आणि ओळख पटवण्याचा एक कागद माझ्यापुढे आला. 'सदर इसमास मी ... वर्षांपासून ओळखतो.' मी अकरा लिहिलं. तेवढ्यात हवालदार म्हणाले, "पर साहेब, तिथली माणसं म्हणत हुती, एका प्राध्यापकाला इचारलं, त्येनं वळखत न्हाय म्हणून सांगितलं. त्यो कोण?"

चौकीत पंखा फिरत होता. अनुजा माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. माझ्याआधी पिराजी बोलले.

"त्यो दुसराच कोनतरी हुता साहेब. आमचं सर न्हवतंच तिथं."

मी सही केली. माझी सही एरवी मोठी असते.

गाडीत पिराजी मागे बसले होते. घराचं वळण आलं. मग त्यांनी विचारलं, "सीन बरा झाला न्हवं सर?"

फिल्म जोडायला बसलो तेव्हा हुसेनभाईंनी त्या जागी थांबवून विचारलं, "सर, ह्ये कापू का?" माईक खिशातच होता, त्यामुळे माझं वाक्य लख्ख ऐकू येत होतं. मी 'कापा' म्हणणार होतो. पण पिराजी शेजारी बसले होते. म्हणाले, "कापू नगासा. माझं काम तिथंच झकास झालंय." खरंच झालं होतं. हुसेनभाईंनी कानाखाली बसलेली फक्त सवयीप्रमाणे संथ गतीने दाखवली होती आणि चारी कोपऱ्यांत फुलं टाकली होती. फुलं तेवढी मी काढायला लावली.

चर्चासत्राला सगळी सोसायटी आली. आक्का, बाळासो, नवी पैठणी नेसून अंबूबाई, कोट घालून पिराजी. पहिल्या रांगेत दादा. आणि पुण्याहून आलेले एक तज्ज्ञ, जे यंदा जागे होते. फिल्म सुरू झाली. सोसायटीची पाटी दिसल्यावर बाळासोंनी टाळी वाजवली. मग तो प्रसंग आला आणि ध्वनिवर्धकातून सभागृहभर माझा आवाज घुमला. "नाही हो दादा. मी कसा ओळखणार?"

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. दादा उठून म्हणाले, "सर, म्हणजे मलासुद्धा त्या दिवशी फसवलंत! मला न सांगता पात्र केलंत की!" तज्ज्ञ म्हणाले, "खोटा आरोप आणि सुटका या ठरीव साच्यात नायकच तोतया निघतो. प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन काढून घेणारं वळण आहे. आणि तुमच्या चेहऱ्यावरची ती भीती! हे सुचलं कसं?"

समोर पिराजी कोटाची बटणं चाचपत बसले होते. 

"सुचलं नाही," मी म्हणालो. "ते लिहिलेलं नव्हतं. मी घाबरलो होतो. माझा शेजारी माझ्यासमोर मार खात होता आणि मी त्याला ओळखत नाही म्हणालो."

 मग सगळं सभागृह हसून कोसळलं. तज्ज्ञांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दादा म्हणाले, "प्राध्यापक विनोदीपण आहेत!" आयुष्यात एकदा भर सभेत खरं बोललो, तर त्याला टाळ्या पडल्या.

फक्त तीन माणसं हसली नाहीत. अनुजा आणि पिराजी. आणि अंबूबाई. त्या नवऱ्याच्या डाव्या गालाकडे बघत होत्या.

संध्याकाळी मी वर गेलो. दार पिराजींनीच उघडलं. दारातच माझा दंड धरून कुजबुजले, "एवढ्या माणसांत सांगायची काय गरज हुती सर? आता हिनं इचारलं तर माझी दाढ दुखत हुती म्हणायचं. ध्यानात ठिवा."

मला कळेना. आत गेलो. अंबूबाईंनी "बसा" म्हटलं आणि समोर उभ्या राहिल्या.

"त्या रविवारी ह्येंचा गाल सुजला हुता," त्या म्हणाल्या. "मला म्हणालं, दाढ दुखतीया. आठ दीस लवंगा चघळल्या. मऊ भात खाल्ला. मी रोज कालवून दिला." त्या थांबल्या. "मारलं व्हय हो सर, ह्येनला?"

पिराजी त्यांच्या मागे उभे होते. डोळ्यांनी मला 'न्हाय म्हणा, न्हाय म्हणा' असं सांगत होते. बायकोसमोर त्यांनी आठ दिवस मऊ भात खाऊन दोन गोष्टी जपल्या होत्या. एक, आपण चारचौघांत मार खाल्ला हे. आणि दुसरं, सर संगं हुतं हे. ते दुसरं मी दुपारी माईकवरून स्वतःच मोडून टाकलं होतं, माझं मन हलकं व्हावं म्हणून. आणि वर टाळ्या घेऊन आलो होतो.

"हो," मी म्हणालो. "मारलं."

"आन तुमी?"

"मी तिथंच होतो. बघत उभा होतो."

अंबूबाई वळल्या. आत गेल्या. डबा उघडल्याचा आवाज आला. पिराजी माझ्यासमोर बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. मला उठून जायचं होतं, पण उठलो नाही.

अंबूबाई बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्यापुढे कडकडीत चकल्यांची ताटली आदळली. "खावा आता. बरी झाली न्हवं दाढ?"

पिराजींनी एक चकली उचलली आणि मोडली. खोलीत तेवढाच आवाज झाला. डाव्या बाजूने चावली, मुद्दाम. संपवली. मग त्यांनी माझ्याकडे न बघता ताटली सरकवली, माझ्या गुडघ्यापाशी येईपर्यंत.